कारखान्यात तीन लिनक्स सर्व्हरवर कुबरनेटिस : जाणकारांनी मार्गदर्शन करावे

भोसरीतला_पेंग्विन | सोमवार, रात्री ११:१२

मंडळी, भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपसाठी आमची छोटी टीम सॉफ्टवेअर करते. जॉब कार्ड, तपासणीच्या नोंदी, कुठल्या मशीनवर कुठला पार्ट चढलाय, एवढंच. ऑपरेटर मशीनशेजारच्या टॅबवर नोंद करतात. आजवर सगळं एकाच सर्व्हरवर डॉकर कंपोजमध्ये, म्हणजे ॲपचे भाग वेगवेगळ्या कंटेनरमध्ये (डब्यांत) घालून एकत्र चालवणाऱ्या साधनात, चालत होतं. मागच्या महिन्यात त्या सर्व्हरने मान टाकली आणि अख्खी शिफ्ट वहीत नोंदी करत बसली. आता मालक म्हणतात, "तीन सर्व्हर घेऊन देतो, एक मेला तरी लाईन थांबता कामा नये." ड्रॉइंग गिऱ्हाइकांची असतात, त्यामुळे डेटा कंपनीच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. क्लाउड बाद. म्हणून कुबरनेटिस, म्हणजे कंटेनर अनेक सर्व्हरवर वाटून चालवणारी आणि पडलेले पुन्हा उठवणारी यंत्रणा, आपल्याच मशीनवर लावायचा विचार आहे.

तीन रिफर्बिश्ड मशीन आल्यात. प्रत्येकी ३२ जीबी रॅम, उबंटू २४.०४ टाकलंय. क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचा गट, कुबेएडीएमने (मूळ कुबरनेटिस उभं करायचं साधन) उभा करू की के-थ्री-एस (कुबरनेटिसचीच आटोपशीर आवृत्ती) घेऊ? एक मास्टर (क्लस्टरचा कारभार बघणारा) आणि दोन वर्कर (नुसती कामं चालवणारे) ठेवू की तिन्ही मास्टर? आणि पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, क्लस्टरच्या आत की बाहेर? कंटेनर रोजच्या वापरातले आहेत, क्लस्टर पहिल्यांदाच करतोय.

ताकभात | सोमवार, रात्री ११:२०

जागा धरून ठेवतो. पहिल्या पाच प्रतिसादांत कुणीतरी "पण गरजच काय?" म्हणणार.

खडकीचा_खवचट | सोमवार, रात्री ११:२६

पण गरजच काय?

चेष्टा नाही करत. टॅब किती, पन्नास? शंभर? एवढ्यासाठी दोन सर्व्हर घ्या, दोन्हीवर तोच कंपोज ठेवा, पुढे कीपअलाइव्हडीने एक फिरता आयपी द्या. एक गेला की आयपी दुसऱ्यावर. मालकाला एका कागदावर समजावून सांगता येतं. कुबरनेटिस घेतलंत की ते सांभाळणारा माणूस पण घ्यावा लागतो, आणि तो हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांच्या भावात मिळतो.

ताकभात | सोमवार, रात्री ११:२७

दुसऱ्याच प्रतिसादात! 😄

रूटवाला | मंगळवार, सकाळी ७:५०

खवचटरावांचं म्हणणं निम्मं पटतं. पण दोन मशीन आणि फिरता आयपी यात एक मेख आहे. मधली केबल तुटली तर दोघांनाही वाटतं समोरचा मेला, आणि दोघेही आयपी उचलतात. म्हणूनच तीन लागतात. मालकांनी तीन घेऊन दिलेच आहेत तर वापरा.

पेंग्विनभाऊ, तिन्ही मास्टर करा आणि तिन्हींवर कामही चालवा. कारण असं : क्लस्टरची सगळी स्मरणशक्ती एटसीडीत असते आणि एटसीडी बहुमताने चालतं. तिघांचं बहुमत दोन, म्हणजे एक गेलेला चालतो. दोघांचं बहुमतही दोनच, म्हणजे एकही गेलेला चालत नाही. थोडक्यात दोन मास्टर हे एकापेक्षा वाईट, कारण बिघडायला जागा दोन आणि सवलत शून्य. चार घेतले तरी एकच गेलेला चालतो, दोन गेलेले चालायला पाच लागतात. एक मास्टर आणि दोन वर्कर ठेवलेत आणि नेमका मास्टर मेला तर चालू पॉड, म्हणजे कुबरनेटिसने उठवलेले कंटेनर, चालू राहतील, पण नवं काही उठणार नाही, पडलेलं दुसऱ्या मशीनवर जाणार नाही. म्हणजे मालकांना जे हवंय तेच मिळणार नाही.

कुबेएडीएमच्या वाटेने गेलात तर हे आधी उरका : स्वॅप (रॅमला जोड म्हणून वापरलेली डिस्क) बंद, आणि एफएसटॅब फाइलमधली तिची ओळही काढा, नाहीतर रीबूटनंतर कुबलेट (प्रत्येक सर्व्हरवर पॉड सांभाळणारा प्रोग्राम) उठत नाही. ओव्हरले आणि बीआर-नेटफिल्टर हे लिनक्सचे दोन मॉड्यूल, आयपी फॉरवर्डिंग चालू. कंटेनरडीच्या (कंटेनर प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमध्ये सिस्टमडी-सीग्रुप 'ट्रू'. हे शेवटचं राहिलं की पॉड विनाकारण उठ-बस करत राहतात आणि लॉगमध्ये धड काही दिसत नाही. आणि इनिट, म्हणजे क्लस्टर पहिल्यांदा सुरू, करतानाच कंट्रोल-प्लेन-एंडपॉइंट (सगळ्या मास्टरचा मिळून एक पत्ता) द्या, एखादं नाव किंवा फिरता आयपी. आत्ता एकच मास्टर आहे म्हणून ते सोडलंत तर पुढे दुसरा जोडताना डोकं धरून बसाल.

नेटवर रेपॉझिटरीचे, म्हणजे पॅकेजं उतरवायच्या जागेचे, जुने पत्ते असलेले लेख ढिगाने आहेत. गूगलच्या पत्त्यावरची ती जुनी पॅकेजं २०२४ मध्ये बंद झाली. २०२३ च्या आधीचा लेख दिसला की पुढे चला.

मगरपट्टा_नाईट_शिफ्ट | मंगळवार, सकाळी ९:०५

+१, पण या कामाला मी के-थ्री-एसच घेईन. कामावर कुबेएडीएमचे क्लस्टर सांभाळतो म्हणूनच सांगतोय. के-थ्री-एस हेही अस्सल कुबरनेटिसच आहे. एकच बायनरी, त्यात कंटेनरडी, फ्लॅनेल (पॉडचं आपसातलं नेटवर्क), कोअरडीएनएस (सर्व्हिसच्या नावावरून पत्ता सांगणारा), ट्रेफिक (Traefik, बाहेरच्या विनंत्या आत वाटणारा) सगळं भरून येतं. पहिल्या सर्व्हरवर क्लस्टर-इनिट हा पर्याय, बाकी दोघांना पहिल्याचा पत्ता आणि टोकन (क्लस्टरमध्ये येण्याची गुप्त किल्ली). क्लस्टर-इनिट विसरलात तर ते गुपचूप एसक्यूलाइटवर (एका फाइलच्या डेटाबेसवर) चालू होतं आणि बाकीचे जोडता येत नाहीत. पण घाबरू नका, नंतर तो पर्याय देऊन रीस्टार्ट केलं की एटसीडीवर जातं.

दुसरं, सर्टिफिकेट, म्हणजे क्लस्टरच्या भागांची एकमेकांना दाखवायची ओळखपत्रं. कुबेएडीएमची एक वर्षाची असतात. अपग्रेड करत राहिलात तर आपोआप नवी होतात, नाहीतर वर्षाने एका सकाळी कुबसीटीएल (क्लस्टरला आज्ञा द्यायचं साधन) ओळख दाखवत नाही. छोट्या जागी कुणी अपग्रेड करत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. के-थ्री-एसमध्ये मुदत संपत आली असेल तर सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावर नवी मिळतात.

रूटवाला | मंगळवार, सकाळी ९:४०

"कुणी अपग्रेड करत नाही" हे समर्थन झालं का? वर्षाला तीन आवृत्त्या येतात, प्रत्येकीला साधारण १४ महिने आधार मिळतो, आणि मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही. दोन वर्षं झोपलात तर एकेक पायरी चढत यावं लागतं. ते के-थ्री-एसलाही चुकलेलं नाही. आणि पहिल्यांदा शिकणाऱ्याने कुबेएडीएमने एकदा तरी करावं. आत काय चाललंय ते कळतं.

मगरपट्टा_नाईट_शिफ्ट | मंगळवार, सकाळी ९:४४

शिकायला लॅपटॉपवर व्हीएम आहेत. कारखाना म्हणजे प्रयोगशाळा नव्हे.

युनिक्सआजोबा | मंगळवार, दुपारी १२:३०

आमच्या वेळी क्लस्टर म्हटलं की पुण्यात एकच गोष्ट आठवायची. विद्यापीठाच्या आवारात सीडॅक ही सरकारी संगणक संस्था, आणि तिचा १९९१ चा महासंगणक परम ८०००. ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडून केलेला. तो बघायला मिळावा म्हणून माणसं ओळखी काढायची. त्याचं काम वेगळं, एक मोठं गणित फोडून अनेक प्रोसेसरना वाटायचं. तुमचं हे उलट दिसतंय. लहान लहान कामं आहेत, ती कुठे चालतात याच्याशी घेणं नाही, चालत राहिली पाहिजेत. नाव एकच असल्याने आमच्या पिढीचा गोंधळ होतो. चालू द्या, वाचतोय.

हडपसर_लोकल | मंगळवार, दुपारी १:१५

आजोबा, परमवर स्वतंत्र धागा काढा ना. अशा आठवणी लिहिणारे फार कमी राहिलेत.

अवांतर नको म्हणून विषयाचं : डेटा "बाहेर" म्हणजे नक्की कुठे, ते मालकांना एकदा विचारून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, २०१५ पासून. शहराबाहेर नको असेल तर तेही चालेल कदाचित.

भोसरीतला_पेंग्विन | मंगळवार, दुपारी २:०२

विचारलं. "कंपाउंडच्या बाहेर" असं उत्तर आलं. 🙂

जुनी_जाणती | मंगळवार, सायंकाळी ६:१८

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावलेला नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. मी बरीच वर्षं डेटाबेस सांभाळते, त्यामुळे माझा कल आधीच सांगून ठेवते : पोस्टग्रेस बाहेर ठेवा.

तुमचं ॲप कुठेही उठू शकतं, कारण त्याच्या पोटात काही नसतं. डेटाबेसच्या पोटात सगळं असतं. के-थ्री-एस जी स्टोरेज आयती देतं ती लोकल-पाथ. म्हणजे ज्या मशीनवर पहिल्यांदा पॉड उठला त्याच मशीनच्या डिस्कवरचं एक फोल्डर. ते मशीन मेलं की पॉडला दुसरीकडे जायचं म्हटलं तरी त्याचा डेटा तिथे नाही. तो पेंडिंगमध्ये वाट बघत बसतो. लाँगहॉर्नसारखं काही घालून डिस्क तिन्हीकडे आरशासारखी ठेवता येते, पण मग त्या यंत्रणेचीही देखभाल आली.

मी काय करीन : पहिल्या सर्व्हरवर साधं सिस्टमडीखाली, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सेवेसारखं, पोस्टग्रेस, दुसऱ्यावर स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने सतत ताजी होणारी राखीव प्रत (स्टँडबाय), तिसऱ्यावर बॅकअप. पहिला गेला तर स्टँडबायवर पीजी-प्रमोट (त्यालाच प्रायमरी, म्हणजे मुख्य, करायची आज्ञा) चालवायचं आणि ॲपला नवा पत्ता द्यायचा. हे हाताने करा. रात्री दोनला आपोआप झालेलं प्रमोशन आणि सकाळी दोन प्रायमरी, हा प्रसंग निस्तरायला जो वेळ जातो त्यापेक्षा दहा मिनिटं बंद परवडतं. मात्र त्या दोन सर्व्हरवर पोस्टग्रेसपुरती रॅम कुबलेटला आधीच राखून ठेवायला सांगा, नाहीतर पॉड ती खाऊन टाकतील.

मगरपट्टा_नाईट_शिफ्ट | मंगळवार, सायंकाळी ७:३०

ताई, आदर राखून असहमती. क्लाउडनेटिव्हपीजी ऑपरेटर (क्लस्टरच्या आत पोस्टग्रेस सांभाळणारा प्रोग्राम) वापरला तर तीन प्रती तीन मशीनवर, प्रत्येकीचा डेटा आपापल्या लोकल डिस्कवर, आणि प्रायमरी गेला की ऑपरेटर स्वतः दुसऱ्याला बढती देतो. लोकल-पाथची अडचणच उरत नाही, कारण पॉड हलवायचाच नसतो.

जुनी_जाणती | मंगळवार, रात्री ८:१०

तो चांगला आहे, मान्य. पण तो बिघडला तर पेंग्विनला पोस्टग्रेस, कुबरनेटिस आणि ऑपरेटर तिन्ही कळायला हवं, आणि हा त्याचा पहिला क्लस्टर आहे. तुम्ही तिथे रात्री जाणार असाल तर खुशाल आत ठेवा.

मगरपट्टा_नाईट_शिफ्ट | मंगळवार, रात्री ८:१४

शरणागती. 🙏

चाकणचा_वायरमन | मंगळवार, रात्री ९:२५

तुम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. वीज कुणी विचारली का? इथे देखभालीसाठी गुरुवारी लाईट जाते, तेव्हा काय? तिन्ही सर्व्हर एका यूपीएसवर असतील तर बहुमत-बिहुमत सगळं एकदम आडवं.

आमच्याकडे एका प्लांटमध्ये असंच गुरुवारी सगळं बंद पडलं. लाईट आल्यावर दोन सर्व्हर वर आले, तिसरा चालू दिसतोय पण क्लस्टरमध्ये येईना. दिवसभर नेटवर्क तपासलं. शेवटी त्याच्यावर तारीख बघितली तर कित्येक वर्षं मागची. जुना माल, मदरबोर्डवरची सीमॉस बॅटरी मेलेली, वीज तुटली की घड्याळ मागे. प्लांटमध्ये इंटरनेट नाही, म्हणून वेळ आपोआप जुळली नाही. आणि सर्टिफिकेट म्हणत होतं, मी अजून वैधच झालेलो नाही. सीआर२०३२ नावाचा एक सेल, घड्याळात घालतात तसला. रिफर्बिश्ड घेतलेत ना? तिन्हींचे सेल बदलून टाका, पुण्यातल्या तपकीर गल्लीत नाहीतर कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतात. आणि तिघांपैकी एकावर क्रोनी बसवून बाकीच्यांना त्याच्याकडून वेळ घ्यायला लावा.

रूटवाला | मंगळवार, रात्री ९:५०

वायरमन साहेब, धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद. वाखु (वाचनखूण) साठवली.

त्याच धर्तीवर : डिस्क कुठल्या आहेत? जुने फिरते हार्डडिस्क असतील तर एटसीडी रडेल. ते प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की उतरल्याशिवाय पुढे जात नाही. निदान एटसीडीसाठी एसएसडी घाला. आणि तिन्ही मशीन एकमेकांची डिस्क क्लोन करून बनवली असतील तर मशीन-आयडी (प्रत्येक लिनक्सचा स्वतःचा ओळख क्रमांक) तपासा. सारखा असला तर उबंटू डीएचसीपीकडून (आयपी वाटणाऱ्या सेवेकडून) दोघांना एकच आयपी मागून घेतं आणि आपण केबल बदलत बसतो.

ताकभात | बुधवार, सकाळी १०:००

या धाग्यावरून मला एवढं कळलं की मी हे कधीच करणार नाही.

भोसरीतला_पेंग्विन | शनिवार, सायंकाळी ५:४०

सगळ्यांचे आभार. के-थ्री-एस घेतलं, तिन्ही मास्टर, पोस्टग्रेस बाहेर. सेल बदलले (तिघांपैकी दोन खरंच गेले होते). मशीन-आयडी वेगवेगळे आहेत. तिन्ही नोड (क्लस्टरमधले सर्व्हर) 'रेडी'.

आता विचित्र प्रकार : ॲपच्या दोन प्रती आहेत. एक नीट चालते. दुसरी म्हणते दुसऱ्या सर्व्हिसचं नावच सापडत नाही. पॉड पुसून पुन्हा उठवला की कधी चालतो, कधी नाही. यूएफडब्ल्यू (उबंटूची फायरवॉल) चालू आहे, पण ६४४३, १०२५० आणि एटसीडीचे २३७९-२३८० हे पोर्ट उघडे आहेत.

मगरपट्टा_नाईट_शिफ्ट | शनिवार, सायंकाळी ५:५२

कोअरडीएनएसचा पॉड कुठल्या नोडवर आहे बघा. त्याच नोडवर पडलेलं ॲप चालत असणार, दुसरीकडचं नाही.

भोसरीतला_पेंग्विन | शनिवार, सायंकाळी ५:५८

अगदी तसंच आहे! हे कसं ओळखलंत?

मगरपट्टा_नाईट_शिफ्ट | शनिवार, सायंकाळी ६:०६

नेहमीचंच दुखणं आहे. फ्लॅनेल एका नोडवरच्या पॉडचं पाकीट व्हीएक्सलॅनमध्ये गुंडाळून दुसऱ्या नोडला पाठवतं, यूडीपी ८४७२ वरून. तुम्ही उघडलेले सगळे पोर्ट टीसीपी. म्हणून नोड एकमेकांशी बोलतात, 'रेडी' दिसतात, पण पॉड एकमेकांशी बोलू शकत नाहीत. तिन्ही सर्व्हरच्या आपापसात ८४७२ यूडीपी उघडा. बाहेरच्या जगाला मात्र नको. शिवाय १०.४२ आणि १०.४३ ने सुरू होणाऱ्या दोन्ही रेंजना, म्हणजे पॉड आणि सर्व्हिसच्या, यूएफडब्ल्यूमध्ये परवानगी द्या.

भोसरीतला_पेंग्विन | शनिवार, सायंकाळी ६:२१

चाललं!! वडापाव माझ्याकडून.

खडकीचा_खवचट | शनिवार, रात्री ९:००

कंपोजमध्ये हा पोर्ट उघडावा लागत नाही, एवढीच नोंद करून ठेवतो.

भोसरीतला_पेंग्विन | बुधवार, रात्री १०:३५

धागा वर काढतोय. मालकांसमोर चाचणी झाली. शिफ्ट संपल्यावर दुसऱ्या सर्व्हरची पॉवर केबल उपटली. मालक हातात टॅब घेऊन उभे. रिपोर्टचा पॉड त्या सर्व्हरवर होता, एकच प्रत. तो उठेचना. मालक एकदा घड्याळाकडे बघतात, एकदा माझ्याकडे. पाच मिनिटांहून जास्त गेल्यावर दुसरीकडे उठला. जॉब कार्डच्या दोन प्रती आहेत, तेही सुरुवातीला एक आड एक अडकत होतं, मग सुरळीत झालं. शिवाय जाणतीताईंचं म्हणणं ताडून बघायला एक चाचणीचा पोस्टग्रेस स्टेटफुलसेट (डेटा धरून ठेवणाऱ्या पॉडची कुबरनेटिसमधली सोय) करून आत ठेवला होता. तो तर अजूनही 'टर्मिनेटिंग' दाखवतोय.

पाच मिनिटं कमी करता येतात का?

रूटवाला | बुधवार, रात्री ११:०५

हे बिघाड नाही, ठरवूनच असं केलेलं आहे. नोड गप्प झाला की पाऊण मिनिटाच्या आसपास वाट बघून त्याला 'नॉट रेडी' म्हणतात. त्या वेळेत निम्म्या विनंत्या मेलेल्या पॉडकडे जातात, तेच तुमचं एक आड एक. त्यानंतर प्रत्येक पॉडला न मागता ३०० सेकंदांची सवलत दिलेली असते, कारण नोड नुसता रीबूट होत असेल तर उगाच सगळं हलवायला नको. ती सवलत डिप्लॉयमेंटमध्ये (ॲप कसं चालवायचं ते लिहितो तिथे) टॉलरेशन हा नियम लिहून ३० सेकंदांवर आणता येते. पण खरा उपाय तो नाही. जे थांबता कामा नये त्याच्या दोन प्रती ठेवा आणि त्या वेगवेगळ्या नोडवरच पडतील असा नियम लिहा. नाहीतर दोन्ही प्रती एकाच सर्व्हरवर सापडायच्या. रिपोर्ट पाच मिनिटं थांबला तर चालतो का, ते मालकांना विचारा. चालत असेल तर सोडून द्या.

स्टेटफुलसेटचं कारण वेगळं. नोड खरंच मेलाय की नुसता संपर्क तुटलाय हे क्लस्टरला कळत नाही. तिकडे तो पॉड जिवंत असेल आणि इकडे त्याच नावाचा दुसरा उठवला तर दोघे एकाच डेटावर लिहितील. म्हणून तुम्ही स्वतः नोड काढून टाकेपर्यंत तो हलत नाही.

जुनी_जाणती | गुरुवार, सकाळी ८:४५

काही बोलत नाही. 😌

फक्त एक. के-थ्री-एस दर बारा तासांनी एटसीडीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) काढतं, शेवटचे पाच ठेवतं, पण ते त्याच सर्व्हरच्या डिस्कवर. ते बाहेर कॉपी करा आणि सोबत सर्व्हरचं टोकनही जपून ठेवा. टोकनाशिवाय स्नॅपशॉट परत लावता येत नाही. पोस्टग्रेसचा बॅकअप महिन्यातून एकदा खरोखर परत लावून बघा, नुसती फाइल आहे म्हणून समाधान मानू नका.

खडकीचा_खवचट | गुरुवार, सकाळी ९:३०

एक शंका. टॅब कुठल्या आयपीवर येतात? आणि तिन्ही सर्व्हर कुठल्या स्विचला लावलेत?

भोसरीतला_पेंग्विन | गुरुवार, सकाळी १०:१०

टॅब पहिल्या सर्व्हरच्या आयपीवर. स्विच एकच आहे, कपाटातला.

खडकीचा_खवचट | गुरुवार, सकाळी १०:१२

म्हणजे काल चुकून पहिल्याची केबल उपटली असतीत तर...

मगरपट्टा_नाईट_शिफ्ट | गुरुवार, सकाळी १०:४०

खवचटराव, मानलं. पेंग्विन, के-थ्री-एसचा अंगचा सर्व्हिस-एलबी (बाहेरच्या विनंत्या आत घेणारा भाग) बंद करा आणि त्याच्या जागी मेटलएलबी लेयर-टू पद्धतीने घाला. त्याला ऑफिसच्या रेंजमधला एक मोकळा आयपी द्या, डीएचसीपी वाटत नसलेला. तो आयपी एका नोडकडे राहतो, नोड मेला की दुसरा उचलतो. टॅबना तोच पत्ता द्या. स्विच मात्र दोन हवेत. प्रत्येक सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट असणारच, दोन्हींचा ॲक्टिव्ह-बॅकअप बाँड (एक चालू, दुसरा राखीव अशी जोडी) करा आणि एकेक केबल एकेका स्विचला. या पद्धतीत स्विचवर काही सेटिंग लागत नाही, साधा स्विचही चालतो. दोन स्विच एकमेकांना एकाच केबलने जोडा, दोन जोडल्या तर लूप होईल.

चाकणचा_वायरमन | गुरुवार, सकाळी ११:०२

आणि दोन स्विच वेगवेगळ्या यूपीएसवर. वायफायचे डबे पण दोन्हींवर वाटून लावा.

भोसरीतला_पेंग्विन | गुरुवार, सकाळी ११:२०

वायफायचे तिन्ही डबे त्याच स्विचवर आहेत. दुसऱ्या स्विचचं कोटेशन मागवतो. मेटलएलबी आज शिफ्ट सुटल्यावर लावून बघतो, आणि या वेळी केबल पहिल्याची उपटतो.

ताकभात | गुरुवार, सकाळी ११:२१

मालकांना आधी चहाला पाठवा.